पॅनलची टक्केवारी आणि घरातली बचत

पाड्यावर सौरदिवे बसवण्यासाठी मदत करू इच्छिणारे हितचिंतक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, "पॅनल किती टक्क्यांचे बसवणार?" जाहिरातींत हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. कुणी २० टक्के सांगते, कुणी २२. मग साहजिकच वाटते की जास्त टक्क्यांचे पॅनल दिले तर त्या घराची वीज जास्त वाचेल आणि आपली देणगी अधिक सत्कारणी लागेल. यामागची भावना चांगली आहे, पण हिशेब तसा चालत नाही.

हा प्रश्न नीट समजून घेण्याचे कारण साधे आहे. चांगले पॅनल २५ वर्षे वीज देते. तरीही सातपुड्यापासून मेळघाटापर्यंत अनेक पाड्यांवर आपल्याला छपरावर धडधाकट पॅनल दिसते आणि खाली घरात अंधार असतो. चौथ्या-पाचव्या वर्षी दिवा विझतो आणि घर पुन्हा चिमणीकडे वळते. मोबाइल चार्ज करायला पुन्हा बाजाराच्या गावी जावे लागते. पॅनलची टक्केवारी कमी होती म्हणून हे घडत नाही. मग कशामुळे घडते आणि बचत नेमकी कशावर ठरते, ते या लेखात क्रमाने पाहू.

टक्के म्हणजे काय?

निरभ्र दिवशी भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १,००० वॉट एवढे ऊन पडते. त्यातले किती वॉट विजेत रूपांतरित होतात, ती पॅनलची कार्यक्षमता. एक चौरस मीटरच्या पॅनलने २०० वॉट दिले, तर ते २० टक्क्यांचे पॅनल झाले. बाकीचे ऊन काही परत फेकले जाते आणि बरेचसे उष्णता होऊन निघून जाते.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९५४ साली सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारात मिळणारी घरगुती पॅनले साधारण १५ ते २३ टक्क्यांची असतात. जुन्या पद्धतीची निळसर पॉलिक्रिस्टलाइन पॅनले १५ ते १७ टक्क्यांच्या घरात येतात, तर काळसर मोनोक्रिस्टलाइन त्याहून वरची. एकाच पदार्थाच्या सौरघटाला सुमारे एक तृतीयांशाची मर्यादा निसर्गानेच घातलेली आहे, हे शॉक्ली आणि क्वायसर या शास्त्रज्ञांनी १९६१ साली गणिताने दाखवले. म्हणून ४० किंवा ५० टक्क्यांचे घरगुती पॅनल विकायला कुणी आले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

वॉट आणि टक्के यांत गल्लत नको

पॅनलच्या पाठीमागे एक लेबल असते. त्यावर वॉटचा आकडा असतो, उदाहरणार्थ ३०० वॉट. ठरावीक चाचणीत, म्हणजे चौरस मीटरला १,००० वॉट ऊन आणि सौरघटाचे तापमान २५ अंश असताना, ते पॅनल किती वीज देते, ते हा आकडा सांगतो. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की या वॉटच्या आकड्यात टक्केवारी आधीच धरलेली असते.

समजा आपल्यापुढे दोन पॅनले आहेत. एक १५ टक्क्यांचे ३०० वॉट आणि दुसरे २० टक्क्यांचे ३०० वॉट. पहिल्याला २ चौरस मीटर जागा लागेल, दुसऱ्याला दीड चौरस मीटर. फरक अर्ध्या चौरस मीटरचा, म्हणजे साधारण पाच चौरस फुटांचा. वीज मात्र दोन्हीकडून जवळपास सारखीच मिळेल. ज्या घराभोवती मोकळे अंगण आणि शेत आहे, त्याला त्या पाच चौरस फुटांसाठी जादा पैसे मोजून काय मिळणार?

म्हणून पॅनल घेताना पहिला प्रश्न "किती वॉट?" हा विचारावा. टक्क्यांचा प्रश्न त्यानंतरचा.

टक्के कुठे कामाला येतात?

याचा अर्थ टक्केवारी निरुपयोगी आहे असा नाही. ती चार ठिकाणी उपयोगी पडते.

एक, जागा कमी असेल तेव्हा. आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, कपडे वाळत असतात. तिथे ३ किलोवॉटची पॅनले बसवायची तर १५ टक्क्यांच्या पॅनलांना २० चौरस मीटर लागतात. २२ टक्क्यांची पॅनले १४ चौरस मीटरांच्या आत बसतात. मुलांना गच्चीवर वावरायला जागा उरते.

दोन, सामान वाहून न्यायचे असेल तेव्हा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात घरे एकमेकांपासून दूर, आपापल्या शेतात असतात. काही ठिकाणी शेवटचा टप्पा पायीच चढावा लागतो. पॅनल आकाराने लहान असेल तर चौकट लहान, खांब हलका आणि डोक्यावरचे ओझेही कमी.

तीन, उन्हाळ्यात. पॅनलला ऊन हवे असते, पण उष्णता नको असते. सौरघटाचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे वीज सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापले, म्हणजे ४० अंश वर गेले, तर १२ ते १६ टक्के वीज तिथेच कमी होते. वरच्या टक्केवारीची नवी पॅनले बहुधा उष्णतेत थोडी कमी घटतात. मात्र पॅनल कोणतेही असो, ते पत्र्याला चिकटवून बसवू नये. खालून वारा खेळायला चार-पाच इंच जागा ठेवावी.

चार, फसवणूक ओळखण्यासाठी. हा उपयोग सर्वांनी शिकून घ्यावा. पॅनलची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा आणि गुणाकार करा. समजा पॅनल १ मीटर लांब आणि ०.७ मीटर रुंद आहे. क्षेत्र झाले ०.७ चौरस मीटर, म्हणजे त्यावर पडणारे ऊन फार तर ७०० वॉट. लेबलवर २०० वॉट छापले असेल, तर ते पॅनल २८ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचे ठरते. बाजारात असे घरगुती पॅनल मिळत नाही. त्या आकाराचे उत्तम पॅनलही १६० वॉटच्या आसपासच थांबेल. मोजपट्टी आणि एवढे गणित पुरेसे आहे. शाळेतली आठवीतली मुलेही हे करू शकतात.

उन्हापासून दिव्यापर्यंतची गळती

छपरावर तयार झालेली वीज दिव्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत गळत जाते, जशी पाटाच्या पाण्याची गळती होते तशी. ही गळती बचतीवर टक्केवारीपेक्षा किती तरी जास्त परिणाम करते.

पहिली गळती धुळीची. कच्च्या रस्त्याची धूळ, चुलीचा धूर, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांचा थर काचेवर बसतो. पावसाळा सरल्यावर महिनाभर पॅनल पुसले नाही, तर ५ ते १० टक्के वीज सहज जाते. सारख्या आकाराचे २० टक्क्यांचे पॅनल सोडून २२ टक्क्यांचे घेतले, तर मिळणारी वाढ एक दशांशाची असते. म्हणजे महागड्या पॅनलने मिळवलेले सारे, न फिरवलेल्या फडक्याने गमावले जाते. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. भांड्यांप्रमाणे राखेने किंवा वाळूने घासू नये, काचेवर कायमचे चरे पडतात.

दुसरी गळती सावलीची. पॅनलमधले सौरघट एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या माळेतली वीज अडते. पॅनलचा दहावा भाग झाकला म्हणून दहावाच भाग वीज जाईल असे नसते, नुकसान त्याहून बरेच जास्त होऊ शकते. इथे ऋतूंचा विचार करावा लागतो. मेअखेर आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा बसवलेल्या पॅनलवर दक्षिणेकडच्या मोहाची किंवा आंब्याची सावली येत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो. नंदुरबारच्या अक्षांशावर तेव्हा भर दुपारीही झाडाची सावली झाडाच्या उंचीएवढी लांब पडते. यावर झाड तोडणे हा उपाय नव्हे. पॅनलचा खांब झाडापासून दूर रोवावा.

तिसरी गळती दिशेची. पॅनलचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि कल साधारण त्या जागेच्या अक्षांशाएवढा. सातपुड्यात हा कल २१-२२ अंश येतो. एक मीटर लांबीच्या पॅनलची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ३६ सेंटिमीटर उंच ठेवली की काम होते. एवढ्या उतारावर पावसाने काचही धुतली जाते.

चौथी आणि सर्वांत महागडी गळती बॅटरीची. तिच्याबद्दल पुढे पाहू.

३०० वॉटचा घरगुती हिशेब

जिथे विजेचे खांब पोचलेले नाहीत, अशा घरांसाठी सरकारी योजनांतून २०० ते ३०० वॉटचे घरगुती संच देण्याची पद्धत आहे. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचे पॅनल, बॅटरी, ५ एलईडी दिवे, १ पंखा आणि ५ वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानातही वीज न पोचलेल्या घरांसाठी ०.३ किलोवॉटच्या, म्हणजे ३०० वॉटच्या संचाची तरतूद आहे. हे अभियान विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समूह त्यात येतात. म्हणून ३०० वॉटचेच उदाहरण घेऊ.

आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला सुमारे ५ तासांचे पूर्ण ऊन मिळते. ३०० वॉट गुणिले ५ तास म्हणजे १,५००, अर्थात कागदावर दीड युनिट. उष्णता, धूळ, तारा, चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी यांत गळून हाती येते सुमारे ०.९ युनिट.

आता घराची गरज पाहू. ७ वॉटचे ४ एलईडी दिवे रोज ५ तास लावले, तर १४० वॉट-तास होतात. २५ वॉटचा डीसी पंखा ८ तास चालला, तर २००. दोन मोबाइलना २० धरू. एकूण ३६०, म्हणजे ०.३६ युनिट. ०.९ मिळते आणि ०.३६ लागते. घर सुखात चालते आणि मुलांच्या अभ्यासाला रात्रीही उजेड राहतो. आषाढ-श्रावणात ढगांमुळे वीज निम्म्यावर आली, तरी ०.४५ मिळते. जेमतेम, पण भागते.

याच घरात ६० वॉटचे जुने पिवळे बल्ब आणि ७५ वॉटचा साधा पंखा लावला तर? बल्बांना १,२००, पंख्याला ६०० आणि मोबाइलना २०, असे एकूण १,८०० च्या वर. म्हणजे १.८ युनिट, मिळणाऱ्या विजेच्या दुप्पट. एक-दोन दिवसांतच बॅटरी पूर्ण रिकामी पडू लागते आणि मग लोक म्हणतात, "पॅनल खराब आहे."

हा हिशेब पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावा. पॅनल १५ टक्क्यांचे असो की २२ टक्क्यांचे, ३०० वॉटला मिळाले ०.९ युनिटच. पण दिवे आणि पंखा बदलल्यावर गरज १.८ वरून ०.३६ वर आली, पाचव्या हिश्शावर. छपराच्या टक्केवारीपेक्षा दिव्याची आणि पंख्याची टक्केवारी घराला अधिक तारते.

बॅटरीचे वर्षासन

बॅटरी ही या साऱ्या साखळीतली कच्ची कडी आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १.२ युनिटांची साठवण. पण शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते. म्हणून वापरायला ०.६ युनिटच धरावे. वरच्या घराची ती दीड रात्रीची शिदोरी झाली. अशी बॅटरी नीट सांभाळली तर साधारण ३ ते ५ वर्षे टिकते. तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणी, घालावे लागते. विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी घालू नये, त्यातल्या क्षारांनी बॅटरी बिघडते. लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग, पण ती ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, पाणी घालावे लागत नाही आणि दुपटीहून अधिक टिकू शकते.

पाचव्या वर्षी नवी बॅटरी घेण्यासाठी एकरकमी पैसे बहुतेक घरांत नसतात. दिवे विझतात ते इथे. यावर उपाय आपल्या बचत गटांना ठाऊक आहेच. घरटी महिना १०० रुपये बाजूला पडले, तर ५ वर्षांत ६,००० रुपये जमतात. नव्या बॅटरीच्या किमतीचा मोठा वाटा त्यातून उभा राहतो. देणगीदारांनीही हे ध्यानात घ्यावे. पाड्यावर दिवे देताना बॅटरीसाठी निधी राखून ठेवला, तर ती देणगी पाच वर्षांनीही उजेड देत राहील.

ज्या घरात बिल येते, तिथे बचत किती?

आता मीटर असलेल्या घरांकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छपरावरच्या पॅनलांना १ किलोवॉटसाठी ३०,००० रुपये, २ किलोवॉटसाठी ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा अधिकसाठी ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. १ किलोवॉटपासून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज मिळते. नेट मीटरमुळे दिवसा उरलेली वीज ग्रिडला जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते, त्यामुळे बॅटरीची गरज राहत नाही.

दोन घरे घेऊ. दोघांनीही १ किलोवॉट बसवले आणि अनुदान जाऊन प्रत्येकाला समजा २५,००० रुपये पदरचे घालावे लागले. युनिटचा दर हिशेबापुरता ६ रुपये धरू. पहिल्या घराचा वापर महिन्याला १२० युनिट. त्याचे महिन्याला ७२० आणि वर्षाला ८,६४० रुपये वाचतात. घातलेले पैसे तीन वर्षांत वसूल होतात. दुसऱ्या घराचा वापर ४० युनिट. त्याचे महिन्याला २४०, वर्षाला २,८८० रुपये वाचतात. वसुलीला जवळजवळ नऊ वर्षे लागतात. जादा युनिटांचा मोबदला मिळाला, तरी तो घरच्या दरापेक्षा कमी असतो. शिवाय बिलातला स्थिर आकार पॅनल बसवले तरी भरावाच लागतो. प्रत्यक्षात कमी वापराच्या घराला युनिटचा दरही खालच्या टप्प्याचा लागतो, त्यामुळे वसुली आणखी लांबते.

पॅनल तेच, टक्केवारीही तीच, पण बचत एकाची दुसऱ्याच्या तिप्पट. कारण बचत ही वापरलेल्या विजेची होते, तयार झालेल्या विजेची नव्हे. म्हणून थोडी वीज वापरणाऱ्या घराने कर्ज काढून मोठा संच बसवण्याची घाई करू नये. कुणी विक्रेता "बिल शून्य होईल" असे सांगत दारात आला, तर आधी गेल्या बारा महिन्यांची बिले त्याच्यापुढे ठेवावीत आणि युनिट मोजायला लावावेत. आणखी एक गोष्ट पाहावी. ४०० वॉटचे एक पॅनल २० किलोहून जड असते. कुडाच्या भिंती आणि नळीच्या कौलांचे छप्पर हा भार आणि वाऱ्याचा जोर पेलणार नाही. अशा घरी अंगणात खांब रोवून त्यावर पॅनल बसवता येईल का, ते योजनेच्या अधिकृत विक्रेत्याला अर्जापूर्वीच विचारावे.

पाड्यावर काम करणाऱ्यांसाठी

कार्यकर्त्यांनी आणि गावातल्या तरुणांनी पुढील क्रम लक्षात ठेवावा. आधी घराची गरज युनिटांत मांडावी. मग जुने बल्ब आणि पंखे बदलावेत. त्यानंतर लागणारे वॉट ठरवावेत. जागा पुरेशी असेल तर त्या वॉटचे, बीआयएसची मोहर असलेले, वॉरंटीचे पॅनल रास्त भावात घ्यावे. टक्क्यांच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. वाचलेल्या पैशांतून चांगली बॅटरी, चांगला चार्ज कंट्रोलर आणि जाड तारा घ्याव्यात. पाड्यावरच्या निदान दोघांना, त्यांत एक मुलगी असावी, पॅनल पुसणे, जोडण्या घट्ट करणे, बॅटरीचे पाणी पाहणे आणि फ्यूज बदलणे शिकवावे. बसवल्याची तारीख, वॉट आणि दुरुस्तीसाठीचा फोन क्रमांक भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा, कारण कागद पावसाळ्यात टिकत नाही.

आणि हितचिंतकांना एक विनंती. पुढच्या वेळी पॅनलच्या टक्क्यांबरोबर आम्हाला हेही अवश्य विचारा, "तीन वर्षांपूर्वी दिलेले दिवे आज किती घरांत लागतात?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कार्यकर्त्याला प्रत्येक घरी जाऊन बघावे लागेल, आणि बिघाड वेळेवर दुरुस्त होण्याची सुरुवात तिथूनच होते.